डाव्या हाताचा खेकडा

टक्क!

सगळं घर चिडीचूप असताना स्पेसबार वाजला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या ब्रेस्त शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी इतकी शांतता होती, की फ्रीजसुद्धा घशातल्या घशात घुरघुरत होता. पाच महिन्यांचा मालो तीन गाणी, दोन ढेकर आणि चाळीस मिनिटांच्या झुलवणीनंतर नुकता कुठे सोलेनच्या उजव्या हातावर झोपला होता. सोलेनने श्वास रोखून डाव्या अंगठ्याने उडीचं बटण दाबलं. पडद्यावरच्या खेकड्याने उडी मारली. हातावरच्या मालोनेही मारली!

"नाही रे सोन्या, नाही, नाही, नाही..."

कसलं नाही! पुन्हा तीन गाणी. पुन्हा झुलवणी. तो परत झोपला तेव्हा सोलेनने सगळ्यात आधी एकच काम केलं. उडी स्पेसबारवरून उचलली आणि डाव्या कोपऱ्यातल्या शिफ्टवर नेऊन ठेवली. शिफ्ट म्हणजे फार गुणी बटण. कितीही दाबा, चकार शब्द काढत नाही.

आता बाळाच्या झोपेवरून कुणी गेमची बटणं ठरवतं का, असं तुम्ही विचाराल. सोलेनला विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती. बटणं हा तिचा प्रांत होता! गेम बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं तिचं काम तेच. गेम पहिल्यांदा उघडला की कुठल्या बटणाने काय व्हावं, खेळणाऱ्याची बोटं न दुखता, न अडखळता आपसूक कुठे पडावीत, हे ती ठरवायची. लोक तळहात बघून भविष्य सांगतात, ती मनगट बघून सांगायची की हा माणूस उडी कुठे शोधेल. या कामावर तिचा इतका जीव होता, की एनोरा, तिची थोरली, दहा आठवड्यांची झाली त्या सोमवारी तिला पाळणाघरात पोचवून बाई नऊ वाजता खुर्चीत हजर होती. मालो पोटात असताना ती कंपनीच बंद पडली, आणि सोलेन घरी आली. हात मात्र स्वस्थ बसेनात.

"सेटिंगचं पान ठेवणारच नाही मी," एका संध्याकाळी तव्यावरच्या गॅलेटवर, म्हणजे तिकडच्या काळपट धिरड्यावर, अंडं फोडता फोडता तिने जाहीर केलं. "बटणं बदलायची वेळच कुणावर येता कामा नये. आली, तर ती ठरवणाऱ्याची लाज!"

तिचा नवरा ग्वेनदाल बंदरावर क्रेन चालवायचा. दांडे आणि बटणं यांच्याबद्दल त्यालाही थोडंफार कळत होतं.

"पण एखाद्याला बदलावीशी वाटली तर?"

"का वाटतील?"

"अगं, माणसं वेगवेगळी असतात. हात वेगवेगळे असतात."

"तुझ्या क्रेनला सेटिंगचं पान आहे?"

"नाही."

"मग खा गॅलेट!"

ग्वेनदालने गॅलेट खाल्लं. पुढे जे झालं त्यानंतर या संवादाची आठवण त्याने एकदाही करून दिली नाही. नवरा म्हणून त्याचं हे एक मोठं पुण्यच म्हणायला हवं.

गेम होता एनोरासाठी. खरं तर एनोराचाच. सहा वर्षांची ही पोरगी घरी पोपटासारखी बोलायची आणि शाळेच्या फाटकातून आत गेली की शिंपलीसारखी मिटायची. पहिलीच्या वर्गात सप्टेंबर ते मार्च, सात महिन्यांत, ले हिर बाईंना तिचा आवाज ऐकायला मिळाला तो फक्त खोकला झाला तेव्हा. समुद्रावर तिला एकदा शंखात राहणारा खेकडा सापडला होता. तो वाढला की शंख तोकडा पडतो आणि त्याला नवं घर शोधावं लागतं, हे आजीने सांगितल्यावर तिने त्याची सतरा चित्रं काढली आणि त्याचं नाव ठेवलं बिगू. सोलेनने ती चित्रं तशीच्या तशी पडद्यावर चढवली, वाकड्या डोळ्यांसकट. बिगूने चालायचं, उड्या मारायच्या, पक्षी आला की शंखात लपायचं आणि नवं घर गाठायचं. एवढाच गेम.

आणि एप्रिलमध्ये एक दिवस ले हिर बाईंचा फोन आला.

"मादाम, आज एनोरा बोलली! स्वतः उभी राहून! 'माझ्या खेकड्याचा गेम होतोय. माझी आई करतेय. शाळेच्या जत्रेत मी सगळ्यांना दाखवणार आहे.' सलग तीन वाक्यं! मी हातातला खडू खाली ठेवून ऐकलं. मादाम, काहीही करा, पण जूनपर्यंत तो गेम होऊ द्या."

सोलेनला त्या दिवशी मालोच्या ओकारीचाही राग आला नाही.

कामाची वेळ एकच, मालो झोपेल तेव्हाची. आणि मालोची झोपायची जागाही एकच, आईचा उजवा हात. खाली ठेवलं की साहेबांचे डोळे टक्क उघडे! त्यामुळे काम डाव्या हाताने. चालायची बटणं डावीकडेच, ती मुळात असतातच तिथे. झेड, क्यू, एस, डी; फ्रेंच कीबोर्डवर ही चौघं डाव्या बोटांखाली शेजारणींसारखी बसलेली असतात. लपायला त्यांच्याच लगतचं ई. उडीला मुका शिफ्ट, करंगळीखाली. राहता राहिली मालोची टाच. झोपेत तो ती ताणायचा आणि कीबोर्डच्या उजव्या अंगावर आपटायचा. एकदा त्या टाचेने बिगूला थेट समुद्रात ढकललं. एकदा गेमच बंद केला. तिसऱ्यांदा सोलेनने ओठ घट्ट मिटले आणि गेमला बजावून टाकलं, की मधल्या रेषेच्या उजवीकडचं कुणीही काहीही म्हणालं तरी ऐकायचं नाही! टाच गप्प झाली. बाणांची चार बटणंही त्याच मोहल्ल्यात राहतात, हे सहा वर्षांच्या अनुभवी बाईला त्या क्षणी सुचलं नाही. झोप न झालेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी सुचत नाहीत.

चाचणी घेतली नाही असं नाही हं! सोलेन म्हणजे शिस्तीची. रविवारी तिने ग्वेनदालला खुर्चीत बसवलं.

"धर याला, मी बघते तू कसा खेळतोस." मालो त्याच्या उजव्या हातावर गेला. ग्वेनदालने दोन अडखळणींनंतर बिगूला घर गाठून दिलं.

"मस्त! एकदम हातात बसतंय."

मग सासूबाई आल्या. मारीवॉन म्हणजे चाळीस वर्षं गावच्या नाचांना अ‍ॅकॉर्डियन वाजवलेली बाई. बटण दिसलं की तिची बोटं आपोआप शिवशिवतात.

"सोलेन, दे इकडे माझा लाडू," म्हणत तिने नातू उजव्या काखोटीला मारला आणि डाव्या हाताने अशी काही तान घेतली, की बिगू तीन मिनिटांत घरात!

"तुझ्या बटणांना तोड नाही गं. एका हातात सगळं! दुसरा हात चहाला मोकळा."

"बघा!" सोलेन म्हणाली. तिची मान फुलदाणीतल्या फुलासारखी ताठ झाली.

या सगळ्यात एनोरा दारात उभी असायची.

"आई, मी खेळू?"

"आत्ता नको राणी, मालो झोपलाय."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "आई, आता मी?"

"आत्ता नको गं, त्यात चूक निघालीय. तुला एकदम छान झालेलाच देते ना!"

आणि जत्रेच्या आदल्या बुधवारी, शाळा अर्धी असते त्या दिवशी, ती खुर्चीचा पाय धरून उभी राहिली. "आई, थोडंसंच. फक्त एक उडी."

"शनिवारी तूच तर खेळणार आहेस! सगळ्यांच्या आधी!"

एनोराला ते पटलं. सहा वर्षांच्या माणसाला आईचं सगळं पटतं.

जूनच्या शेवटच्या शनिवारी शाळेच्या पटांगणात ही गर्दी! एका कोपऱ्यात क्रेपच्या पातळ धिरड्यांचे तवे, दुसऱ्यात डबे पाडायचा स्टॉल, मध्ये चौथीच्या मुलांचा गोल नाच, आणि सोडतीच्या टेबलावर पहिलं बक्षीस: कापडात गुंडाळलेली सात किलोंची हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी. छपराखाली शाळेचा संगणक मांडला होता. वर एनोराच्या अक्षरातली पाटी: 'बिगूचं घर. मी दाखवीन.' सोलेनने गेम चढवून बघितला. उघडला! पडद्यावर बिगू वाकडे डोळे मिचकावत उभा. तेवढ्यात मालोने लंगोट ओला केला, तिला तिकडे धावावं लागलं. परत आली तर स्टॉलपुढे अख्खी पहिली गोळा झालेली.

"तू लांब उभी राहा," एनोराने कुजबुजून सांगितलं. "मी एकटी."

सोलेन मालोला घेऊन खांबाशी उभी राहिली. एनोराने वर्गाकडे बघितलं आणि खरोखरच बोलली. "हा बिगू. त्याचं घर लहान झालंय. आता मी त्याला नवीन देते."

पलीकडे ले हिर बाईंनी रुमाल काढला.

एनोरा बसली. दोन्ही हात पुढे. उजव्या हाताची बोटं सरळ बाणांवर गेली, जशी जगातल्या कुठल्याही सहा वर्षांच्या पोराची जातात. उजवीकडचा बाण. बिगू ढिम्म. डावीकडचा. ढिम्म. स्पेसबार. टक्क, टक्क, टक्क! बिगू डोळे मिचकावत राहिला.



"तुझा खेकडा मेलाय!" टिमोते ओरडला. हा वर्गातला भोंगा.

"नाही मेला. डोळे हलतात."

"मग चालव ना!"

"थांब, चालवते."

"तुलाच येत नाही? तू तर म्हणालीस तुझा गेम आहे!"

एनोराने हात मांडीवर ओढून घेतले. टिमोते तिच्या खांद्यावरून वाकला आणि दिसेल ते बटण बडवू लागला. करता करता त्याला शिफ्ट सापडला. बिगूने उडी मारली! "उडतोय! उडतोय!" टिमोतेने धपाधप पाच वेळा दाबलं. संगणक 'पिंक्!' करून ओरडला आणि पडद्यावर भलीमोठी चौकट आली. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबला की संगणकाला वाटतं या माणसाला एका वेळी दोन बटणं दाबता येत नाहीत, आणि तो विचारतो, बटणं चिकटी करून देऊ का? सोलेनने घरच्या संगणकावर हे प्रकरण वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. इतक्या वर्षांपूर्वी, की ते जगात आहे हेच ती विसरली होती.

"काय म्हणतोय तो?"

"बटणं चिकटी हवीत का म्हणतोय!"

"हो म्हण! हो म्हण! खेकड्याला गोंद लागणार!"

टिमोते हो म्हणाला. शिफ्ट चिकटला. बिगू उडायला लागला तो थांबेचना! खाली उकळतं तेल असल्यासारखा वर-खाली, वर-खाली, आणि दर उडीला संगणक 'पिंक्!'

गोंगाट ऐकून मुख्याध्यापक कारादेक धावत आले. संगणक शाळेचा, जबाबदारी त्यांची.

"व्हायरस! कुणीही हात लावू नका!"

"अहो सर, व्हायरस नाही तो, नुसता शिफ्ट..." सोलेन पुढे झाली.

पण कारादेकांनी तोवर भिंतीतला प्लग उपटला होता. प्लग मात्र दुसराच. क्रेपचे तवे गार पडले, कर्णा गप्प झाला आणि चौथीचा नाच एकेक पाय हवेत धरून थांबला. बिगू उडतच होता.

"कोणी केलं हे?" तव्यामागून एक उलथणं हवेत चढलं. "चाळीस माणसं रांगेत आहेत माझ्या!"

"गेम!" टिमोतेने तत्परतेने सांगितलं. "एनोराच्या आईचा गेम!"

चाळीस माणसांनी माना वळवल्या. सोलेनने मालोला मारीवॉनच्या हातात कोंबलं, संगणक बंद करून पुन्हा लावला, चिकटपणा काढला आणि खुर्चीत बसली. "बघा मुलांनो, सोप्पं आहे! मी दाखवते."

आणि काय सांगू! तिलाही खेळता येईना. दोन्ही हात मोकळे झाल्यावर तिला काही सुधरेचना. उजवा हात लाडावलेल्या पाहुण्यासारखा मध्ये मध्ये करत होता, खांदा एकीकडे कलत होता, करंगळी शिफ्टऐवजी भलतीकडेच. बिगू पहिल्याच खडकावरून समुद्रात.

"काकूंनापण येत नाही!" टिमोतेचा भोंगा.

तेवढ्यात मालोने टाहो फोडला. मारीवॉनने नेहमीच्या सवयीने त्याला आणून सोलेनच्या उजव्या हातावर ठेवला. तो चुप्प झाला. खांदा जागेवर आला. डावी बोटं चुरूचुरू चालायला लागली. खडक, उडी, पक्षी, लपला, उडी...

सोलेन थांबली. तिने मालोकडे बघितलं. मग मारीवॉनकडे. मग गर्दीत उभ्या असलेल्या ग्वेनदालकडे. त्याने 'हातात बसतंय' म्हटलं होतं तेव्हा त्याच्या हातात नक्की कोण बसलं होतं ते तिला आता आठवलं. सहा वर्षांचा अनुभव, तीन माणसांची चाचणी, आणि गेम तयार झाला होता तो फक्त कडेवर मूल असलेल्या माणसासाठी!

"म्हणजे बाळ धरून खेळायचा!" वर्गातल्या चष्मेवाल्या मुलीला, जानला, उलगडा झाला. "मला द्या बाळ! मी आधी!"

"मी आधी!"

मालो काही कुणाच्या हातात जाईना. पण मारीवॉन चाळीस वर्षं जत्रा गाजवलेली बाई. तिने सोडतीच्या टेबलावरून कापडातली मांडी उचलली. "हे घ्या. बरोबर आमच्या मालोच्या वजनाची आहे. रडतही नाही."

आणि मंडळी, चाललं! जान उजव्या हातात हॅम घेऊन बसली आणि बिगू दुडूदुडू निघाला. तिचा उजवा हात अडकला होता, डाव्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. मग टिमोते. मग अख्खी पहिली. "नीट धर, मान सांभाळ त्याची," मारीवॉन प्रत्येकाला बजावत होती. प्लग परत लागला, तवे तापले, कर्णा सुरू झाला, क्रेपची रांग इकडे वळली. कारादेकांनीही हॅम कडेवर घेऊन एक डाव टाकला. लोक पोट धरून हसत होते. सोलेनही हसत होती, मालोला झुलवत सूचना देत होती, "आता लप! आता उडी!" जानच्या बिगूने नवं घर गाठलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि सोलेनने लाजून मान लववली.

मग तिने त्या खुर्चीकडे बघितलं. तिथे टिमोते होता, दुसऱ्यांदा. पाटीवर लिहिलेलं होतं, 'मी दाखवीन.' दाखवणारी कुठेच नव्हती.

एनोरा सायकलींच्या छपरामागे बुटक्या कठड्यावर सापडली. रडत नव्हती. गुडघ्यावरची खपली काढत होती. सोलेनने मालोला ग्वेनदालकडे सोपवलं आणि तिच्या शेजारी बसली.

"राणी, घरी गेलो की आजच्या आज बाण चालू करते. स्पेसबारसुद्धा. सेटिंगचं पानही ठेवते. तुला हवी ती बटणं."

"आता टिमोतेला येतंय."

"हं."

"सगळ्यांना येतंय."



"मी तुला तीनदा विचारलं होतं," एनोरा म्हणाली. रागाने नव्हे. बाई हजेरी घेतात तशी.

"विचारलं होतंस. आणि मी तिन्ही वेळा नाही म्हणाले." "माझं चुकलं गं. सगळ्यांच्या हातात देऊन बघितला आणि तुझ्याच हातात दिला नाही."

तिकडे पुन्हा टाळ्या झाल्या, कुणाच्या तरी बिगूला घर मिळालं असावं. मग एनोराचं लक्ष आईच्या उजव्या हाताकडे गेलं. हातात कुणी नव्हतं, तरी तो कोपरात वाकून तसाच छातीशी धरलेला होता, रिकाम्या टोपलीसारखा. तिने तो धरून हळूच सरळ केला. सोडल्याबरोबर तो परत वाकला. तिला हसू आलं. तिने पुन्हा सरळ केला, तो पुन्हा वाकला. मग ती त्या वाकलेल्या हातात स्वतःच शिरून बघू लागली. पाय जमिनीला टेकत होते, डोकं सोलेनच्या हनुवटीला लागत होतं, काही केल्या मावेना. डाव्या बाजूने जाऊन बघितलं, तिथेही मावेना.

"आई," ती म्हणाली, "मी मालोएवढी होते, पाळणाघरात जायचे, तेव्हा तू मला कुठल्या हातावर घ्यायचीस?"